रद्दी, लग्नपत्रिका आणि चिकटवही: घरचं काय वापरायचं, विकत काय घ्यायचं

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळले ते गाळलंय, बाकी जवळपास जसं बोलले तसंच.)

आजचा भाग हातात कात्री घेऊन ऐकलात तरी चालेल. फक्त अजून काही कापू नका, आधी ऐका.

स्क्रॅपबुकबद्दल मला सारखे दोन प्रश्न येतात आणि ते एकमेकांच्या बरोब्बर उलटे आहेत. पहिला असा: ‘ताई, घरात लग्नपत्रिका, खोकी, जुनी कॅलेंडरं यांचा ढीग पडलाय. यातूनच होईल ना सगळं? किट कशाला विकत घ्यायचं?’ आणि दुसरा: ‘ऑनलाइन किट मागवलंय, मस्त आहे, आता घरचा पसारा रद्दीत देऊन टाकू का?’

दोघांनाही माझं उत्तर एकच. घरचा कागद वापरा आणि थोडं नवं सामानही घ्या. पण कोणतं कुठे जाणार, हे आधी ठरवा. नियम सोपा आहे: जे फोटोला टेकणार ते नवं आणि पारखून घेतलेलं. जे फोटोपासून लांब राहणार ते घरचं, उरलंसुरलं, हवं तितकं रंगीबेरंगी.

आता म्हणाल, एवढा विचार कशाला, वही तर करायची आहे. पण बघा, चिकटवही आपण पुढच्या आठवड्यात बघायला करत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी कुणीतरी उघडेल म्हणून करतो. फोनमधले फोटो हजारो असतात, त्यातला एखादा गेला तर दुसरा मिळतो. पण आजोबांचा लूमच्या दारात उभं राहून काढलेला फोटो एकच असतो. त्याची निगेटिव्ह कुठे आहे, कुणाला माहीत नाही. असा फोटो आपण प्रेमाने चुकीच्या कागदावर चुकीच्या गोंदाने चिकटवला, तर तो पाकिटात पडून राहिला असता त्यापेक्षा लवकर खराब होतो. आजचा भाग हे टाळण्यासाठी आहे.

आपल्या गावात कागद कुठून येतो

भिवंडीत राहणाऱ्याला कागदाची टंचाई नाही. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, जिकडे बघाल तिकडे गोदामं. तुम्ही मोबाइलवर बोट दाबून जे मागवता, त्यातलं बरंचसं याच गोदामांमधून सुटतं. त्यामुळे पुठ्ठ्याची खोकी आणि आत कोंबलेला तपकिरी कागद आपल्याकडे वाऱ्यावर उडत असतो. दुसरीकडे यंत्रमाग. सुताचे कागदी कोन, ताग्यांवरची लेबलं, कापडाच्या चिंध्या. आणि घरात मे महिन्यापर्यंत साठलेल्या लग्नपत्रिका असतातच.

कापडाबरोबर येणारा कागद जपून ठेवायची सवय जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला विलायतेहून मुंबईत येणाऱ्या कापडावर रंगीत छापील लेबलं चिकटवलेली असत. त्यांना तिकीट म्हणत, कुठे टिका किंवा छाप. त्यांवर देवदेवता, राजे, हत्ती, वाघ अशी चित्रं. वाचता न येणारं गिऱ्हाईकही चित्रावरून माल ओळखायचं. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही अशी लेबलं काढली. कापड शिवून, वापरून, फाटून जायचं, चित्र मात्र लोक ठेवून द्यायचे. म्हणजे स्क्रॅपबुक हा शब्द इंग्रजी असला तरी त्यातलं काम आपल्याला नवीन नाही. मराठीत तर त्याला सरळ नाव आहे, चिकटवही. वर्तमानपत्रातली कात्रणं लावली तर कात्रणवही. मी पुढे चिकटवहीच म्हणणार आहे.

कागद पिवळा का पडतो

एवढं विज्ञान समजून घ्या, मग दुकानात कुणी फसवू शकणार नाही.

जुना कागद चिंध्यांपासून व्हायचा. सुती चिंध्या, तागाची दोरी, जुनी जाळी असं कुटून, लगदा करून, साच्यावर गाळून हाताने कागद काढायचे. आपल्याकडे जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे, त्याचं नावच या धंद्यावरून पडलेलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली अठराव्या शतकातली मोडी कागदपत्रं आजही वाचता येतात, त्यात या हातकागदाचा मोठा वाटा आहे. सुती धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तो सहज कुजत नाही, पिवळा पडत नाही.

१८४०च्या दशकात युरोपात लाकूड दळून लगदा करायची युक्ती निघाली आणि कागद स्वस्त झाला. वर्तमानपत्र घराघरांत आलं ते यामुळे. पण लाकडात सेल्युलोजच्या जोडीला लिग्निन असतं. झाडाला ताठ उभं ठेवणारा हा चिकट पदार्थ. उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळं-तपकिरी होतं आणि त्यातून आम्लं तयार होतात. शिवाय शाई पसरू नये म्हणून त्या काळात कागदाला तुरटी आणि राळ यांचा हात देत. तीही आम्लधर्मी. आम्ल सेल्युलोजचे लांब धागे तोडत जातं. मग कागद घडी घातली की मोडतो, पापडासारखा.

सगळ्यात वाईट म्हणजे हे आम्ल जागेवर बसून राहत नाही. ते शेजारच्या कागदात उतरतं. जुन्या पुस्तकात कुणी वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलेलं असेल तर ते काढून बघा. त्याच आकाराचा तपकिरी चौकोन पुस्तकाच्या पानावर उठलेला दिसतो. तुमच्या फोटोमागे वर्तमानपत्र असेल, तर हा चौकोन फोटोवर उठणार आहे.

म्हणून ‘अ‍ॅसिड-फ्री’ आणि ‘लिग्निन-फ्री’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. पाकिटावर दोन्ही लिहिलेले असतील तर उत्तम. नुसतं ‘आर्ट पेपर’, ‘प्रीमियम’, ‘इम्पोर्टेड’ लिहिलं असेल तर त्याचा टिकण्याशी काही संबंध नाही.

घरच्या ढिगाचे तीन वाटे करा

जमिनीवर चादर घाला आणि सगळा ढीग ओता. आता तीन वाटे.

पहिला वाटा: वहीच्या आत चालेल, फोटोच्या जवळही चालेल. यात फार थोडं येतं. झेरॉक्सचा कोरा ए-फोर कागद, ज्याच्या पाकिटावर अ‍ॅसिड-फ्री लिहिलंय. हातकागदाच्या पिशव्या किंवा पाकिटं, पण ती सुती आणि बिनरंगाची असतील तरच. गडद रंगाचा हातकागद ओल लागली की रंग सोडतो. ओल्या कापसाने कोपऱ्यात दाबून बघा, कापसाला रंग लागला तर तो पुढच्या वाट्यात टाका.

दुसरा वाटा: वहीच्या आत चालेल, पण फोटोला न टेकता. इथे खरी मजा आहे. लग्नपत्रिका घ्या. अडीचशे-तीनशे जीएसएमचा जाड कार्ड, सोनेरी छपाई, कोरलेले गणपती, कापलेली जाळी. त्यातून पानाच्या कडा, छोटे खिसे, नावाच्या चिठ्ठ्या झकास होतात. चकचकीत प्लास्टिकचा थर दिलेल्या पत्रिकेवर पाण्याचा गोंद धरत नाही, तिला मागच्या बाजूने चिकटवा. कॅलेंडरची पानं घ्या. १९७३पासून निघणारं कालनिर्णय आपल्याकडे बहुतेक भिंतींवर असतंच. ज्या महिन्यात बाळ झालं त्या महिन्याच्या पानाचा तो चौकोन कापून लावला, तर त्या दिवसाची तिथीसुद्धा वहीत येते. मिठाईच्या खोक्यांवरची नक्षी, पतंगाचा कागद, साड्यांच्या खोक्यातली लेबलं, सगळं इथे.

तिसरा वाटा: आत नको, बाहेर चालेल. वर्तमानपत्र, पार्सलची खोकी, तपकिरी क्राफ्ट कागद. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कागद बहुतेक वेळा रद्दीतून पुन्हा पुन्हा केलेला असतो. त्यात काय काय मिसळलंय, सांगता येत नाही. पण तो ताठ असतो. त्याची वही ठेवायची पेटी करा, कापायला खाली घ्यायचं पाट करा, आकार कापायचे नमुने करा. आतल्या पानांना तो लागू देऊ नका.

कात्रण लावायचंच असेल तर? आजीचा सत्कार झाला, पेपरात दोन ओळी आल्या, ते हवंच ना. मग त्या कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि ती लावा. मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा.

आणि शंका आली तर घरीच चाचणी करा. प्रत्येक कागदाची बोटभर पट्टी कापा. सगळ्या पट्ट्या एका पुठ्ठ्यावर ओळीने लावा. अर्ध्या भागावर जाड काळा कागद बांधा आणि दहा-बारा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवा. मग काळा कागद काढून दोन अर्ध्यांची तुलना करा. वर्तमानपत्र ठळक पिवळं झालेलं दिसेल. ज्याच्यात काहीच फरक नाही तो कागद बऱ्यापैकी भरवशाचा. रंगीत कागदाचा रंग उडतो का, तेही कळेल. ही चाचणी लिग्निन आणि रंग पकडते, आम्ल पकडत नाही, म्हणून पाकिटावरचे शब्द वाचणं सुटत नाही.

तिकीट आणि बिलाचा वेगळा हिशेब

पहिल्या पिक्चरचं तिकीट, एसटीचं तिकीट, हॉटेलचं बिल. चिकटवहीत हे असायलाच हवं. पण आज मशीनमधून निघणारं तिकीट म्हणजे थर्मल कागद. त्याच्यावर शाई नसतेच. कागदावर एक लेप असतो, तो गरम झाला की तेवढ्या ठिकाणी काळा होतो. तीच त्याची छपाई. म्हणून उजेड, उष्णता, तेलकट हात, प्लास्टिकचं पाकीट, गोंद यांपैकी काहीही लागलं की अक्षरं फिकी पडायला लागतात. काही महिन्यांत कोरा कागद हातात येतो.

पूर्वीचं एसटीचं तिकीट आठवतंय का कुणाला? कंडक्टरच्या पत्र्याच्या पेटीतली छापील तिकिटं, त्याला पंचने पाडलेली भोकं. ती छापील शाई होती, म्हणून आजही कुणाच्या तरी जुन्या पुस्तकात खूण म्हणून सापडतात आणि वाचता येतात.

थर्मल तिकिटाचं काय करायचं? मिळाल्या दिवशी फोनने सरळ वरून फोटो काढा आणि झेरॉक्सवाल्याकडे साध्या लेझर प्रिंटवर काढून घ्या. ती प्रत वहीत लावा. मूळ हवंच असेल तर कागदी पाकिटात, अंधारात. एक गोष्ट चुकूनही करू नका: थर्मल तिकीट लॅमिनेट करायला देऊ नका. लॅमिनेशनचं मशीन गरम असतं, तिकीट अख्खं काळं होऊन बाहेर येतं. आणि या लेपात बहुधा बिस्फेनॉल जातीची रसायनं असतात, तेव्हा लहान मुलांच्या हातात बिलांचा गठ्ठा खेळायला देऊ नका.

विकत घ्यायच्या चारच गोष्टी

किटमध्ये साठ वस्तू असतात. मोती, टिकल्या, रिबिनी, लाकडी फुलं. पैसे त्यात जातात आणि पानाचा कागद भलताच हलका निघतो. माझ्या मते चार गोष्टींवर पैसे घाला, बाकी सगळं घरातून निघतं.

एक, पानाचा कागद. अ‍ॅसिड-फ्री, लिग्निन-फ्री, साधारण १८० ते २२० जीएसएम. त्याहून पातळ कागद फोटोच्या वजनाने वाकतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या काळात. तिथल्यासारखा सुती चिंध्यांचा हातकागद मिळाला तर पानाला फार छान. मुंबईला जाणार असाल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद, पत्रिका, सजावटीचं सामान असं सगळं एकाच फेरीत बघता येतं.

दोन, फोटोचे कोपरे. जुन्या अल्बममध्ये काळ्या पानांवर फोटोच्या चार टोकांना छोटे त्रिकोणी कोपरे असायचे आणि दोन पानांच्या मधे बटर पेपर. ती पद्धत अजूनही सगळ्यात चांगली, कारण फोटोला गोंद लागतच नाही. गोंद कोपऱ्याला. उद्या फोटो काढायचा झाला तर सहज निघतो. कोपरे विकत मिळतात, नाहीतर पानाच्या उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांना दोन घड्या घालून घरीच होतात.

तीन, गोंद. त्याबद्दल पुढे सविस्तर.

चार, लिहायचं पेन. पाकिटावर ‘पिगमेंट इंक’ लिहिलेलं. साध्या जेल पेनाची आणि स्केचपेनाची शाई पाणी लागलं की पसरते, उन्हात उडते. पिगमेंट म्हणजे रंगाची बारीक भुकटी, ती विरघळत नाही. आपल्या जुन्या बखरी आणि पत्रं काजळीच्या शाईने लिहिलेली असत. काजळी हासुद्धा पिगमेंटच. शाई टिकली त्याचं कारण तेच.

प्लास्टिकचे खिसे घ्यायचे असतील तर पीव्हीसीचे नकोत. पीव्हीसीला नवीन असताना उग्र वास येतो, कालांतराने ते चिकट होतं आणि फोटोला धरून बसतं. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिस्टर लिहिलेलं घ्या. गंमत अशी की ज्या पॉलिस्टरच्या धाग्यावर भिवंडीतले कितीतरी माग चालतात, त्याच पॉलिस्टरच्या पातळ पारदर्शक फिल्ममध्ये दप्तरखान्यांतली मौल्यवान कागदपत्रं ठेवतात.

गोंद: खळ, फेव्हिकॉल, सेलोटेप

‘टॉम सॉयर’ लिहिणारा अमेरिकन लेखक मार्क ट्वेन माहीत असेल. त्याला कात्रणं चिकटवायचा इतका नाद आणि गोंदाच्या पसाऱ्याचा इतका कंटाळा, की त्याने १८७३ साली आपोआप चिकटणाऱ्या चिकटवहीचं पेटंट घेतलं. पानांवर गोंदाच्या रेघा आधीच मारलेल्या, फक्त ओल्या करायच्या आणि कागद दाबायचा. म्हणजे गोंद ही दीडशे वर्षांपूर्वीचीही डोकेदुखी.

आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे खळ. भिवंडीत खळ शब्द वेगळा शिकवावा लागत नाही, सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला देतात तीच. मैद्याची खळ कागदाला उत्तम धरते, पाण्याने सुटते आणि कागद खराब करत नाही. अडचण एकच. ती पिठाची आहे, त्यामुळे कसर आणि झुरळं तिच्यावर ताव मारतात, पावसाळ्यात बुरशी येते. जुने बाइंडर त्यात मोरचूद घालत, पण ते विषारी आहे, घरात नको. आपल्या हवेत खळ फक्त बाहेरच्या पेटीला वापरा.

फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद म्हणजे पाण्यातला पीव्हीए. कागद कागदाला चिकटवायला चांगला. पण लोक चमचाभर ओततात, कागद पाणी पितो आणि सुरकुततो. थेंबभर घ्या, जुन्या कार्डाच्या तुकड्याने पातळ पसरा, वर कोरा कागद आणि जाड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा. पाकिटावर अ‍ॅसिड-फ्री असलेली ग्लू-स्टिक तर आणखी सोपी, कारण तिच्यात पाणी कमी. हे दोन्ही सजावटीसाठी. फोटोला कोपरेच.

आता काय वापरू नये. सेलोटेप नको. काही वर्षांत त्याचं प्लास्टिक सुटून पडतं आणि खालचा गोंद पिवळा डाग बनून कागदात मुरतो. तो डाग घरी निघत नाही. चपलेला लावतात तो रबराचा गोंद नको, तोही तपकिरी होतो. स्टेपलरच्या पिना नकोत, पहिल्याच पावसाळ्यात गंजतात.

वही बांधायची कशी

किटमधली तयार वही पाच पानं भरली की फुगते, मिटतच नाही. कारण पानांवर वस्तूंची जाडी चढते आणि बांधणीच्या बाजूला मात्र जाडी तेवढीच राहते. उपाय जुना आहे. प्रत्येक दोन पानांमधे बांधणीच्या बाजूला अडीच सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी घाला. पानाच्याच कागदाची. पट्ट्यांमुळे कण्याची जाडी वाढते आणि भरलेली वही सपाट मिटते.

पंधरा पानं, चौदा पट्ट्या. सगळं नीट ठोकून एकसारखं करा. कडेपासून दीड सेंटिमीटरवर चार भोकं पाडा. वर-खाली जाड पुठ्ठा, पण पार्सलच्या खोक्याचा नको, स्टेशनरीच्या दुकानातला घट्ट पुठ्ठा. त्याला आतून पानाचाच कागद चिकटवा, म्हणजे पहिलं पान पुठ्ठ्याला टेकणार नाही. बाहेरून कापड लावा.

आणि कापडाच्या बाबतीत आपल्यासारखं नशीबवान कोण आहे? मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं सुती मांजरपाट मिळालं तर ते घ्या. बाइंडरसुद्धा असंच कापड शोधतात. सुती आहे की पॉलिस्टर, हे ओळखायला त्यातला एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि मोठ्या माणसासमोर मेणबत्तीवर धरा. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. वेष्टनासाठी सुती चांगलं, कारण त्याला गोंद धरतो. ओवायला मात्र पॉलिस्टरचा दोरा घ्या, तो ओल खात नाही. चार भोकांतून दोरा ओवा, गाठ कण्यावर घ्या, वाटलं तर शेवटी गोंडा.

चिकटवण्याआधी ही दोन कामं

पहिलं. ज्या फोटोची दुसरी प्रत नाही, तो वहीत लावूच नका. खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅश बंद करून, फोन अगदी समांतर धरून त्याचा फोटो घ्या, किंवा स्कॅन करून आणा. प्रिंट फोटो लॅबमधून काढा. घरच्या साध्या इंकजेट प्रिंटरची शाई आपल्या दमट हवेत पसरते. वहीत ही नवी प्रिंट जाईल. मूळ फोटो अ‍ॅसिड-फ्री कागदाच्या पाकिटात, पाकिटावर आधी लिहून, मग फोटो आत. मग त्या नव्या प्रिंटला हवं तसं कापा, गोल करा, काहीही करा.

दुसरं. नावं लिहा. ‘बेस्ट मेमरीज’, ‘फॅमिली फॉरेव्हर’ अशी छापील स्टिकरं किटमध्ये ढिगाने असतात. त्यातून वीस वर्षांनी काय कळणार? भिवंडीत किती ठिकाणांहून माणसं आली बघा. पद्मानगरात तेलंगणाहून आलेली विणकर कुटुंबं, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, कोकणातली घरं, आणि मूळचे आगरी-कोळी. गावाकडचं घर सुटलं, भाषा बदलली, तर उरतो तो फोटो. आणि त्यात ‘ही डावीकडची कोण?’ हे सांगणारं माणूस आज घरात बसलेलं असतं. त्यांच्यासमोर फोटो ठेवा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा. कोण, कुठे, साधारण कधी, कशासाठी जमले होते. ते उत्तर पिगमेंट पेनाने फोटोखाली पानावर लिहा. साडी कुणाची उसनी आणली होती, हेसुद्धा लिहा. हे कुठल्याही किटमध्ये मिळत नाही, आणि आजी थकली की विचारायलाही कुणी उरत नाही.

पावसाळा

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहायला लागली की कागदावर बुरशीला बरं वाटतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्याहून कितीतरी जास्त ओली. २६ जुलै २००५च्या पावसात भिवंडीत पाणी शिरलं होतं, आणि सखल भागात राहणाऱ्यांना ते दरवर्षीच माहीत आहे. म्हणून वही जमिनीवर नाही, खाटेखाली नाही, बाहेरच्या भिंतीला लागून नाही. कपाटात वरच्या खणात ठेवा, उभी नको, आडवी ठेवा. बाहेरून घट्ट प्लास्टिक गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या वहीच्या पेटीत ठेवा, पानांमध्ये नको. त्या कायम काम करत नाहीत, दर पावसाळ्याला नव्या घाला. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की एकदा वही काढा, सावलीत पंख्याखाली पानं उलटा. कसर लागली असेल तर तेव्हाच दिसते.

जुना चिकट अल्बम घरात असेल तर

शेवटचा मुद्दा, पण कित्येक घरांत हाच सगळ्यात निकडीचा. आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम काढा. पानावर गोंदाच्या रेघा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक, असा आहे का? हे अल्बम सोयीचे म्हणून घराघरांत गेले. त्यातला गोंद वर्षांनुवर्षं फोटोच्या पाठीत मुरतो, पानं तपकिरी होतात, फोटो पक्का धरला जातो.

तो अल्बम आहे तसाच ठेवू नका, पण ओढूनही काढू नका. आधी प्रत्येक पानाचा फोनवर फोटो घ्या. मग प्लास्टिक हळूच उचला. दात साफ करायचा फ्लॉस किंवा पातळ मजबूत दोरा फोटोच्या खालून घाला आणि करवतीसारखा सावकाश पुढेमागे ओढत न्या. फोटो वाकवायचा नाही. निघत नसेल तर थांबा आणि आजूबाजूचं पान कापून फोटो पानासकट सोडवा. पाठीवर थोडा कागद राहिला तरी चालतो, फोटो फाटलेला चालत नाही.

तर या आठवड्यासाठी एवढंच करा: कागदांच्या पट्ट्या खिडकीत लावा, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोटोसमोर सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवा. चिकटवणं पुढच्या रविवारी. तुमच्या खिडकीत कोणता कागद सगळ्यात जास्त पिवळा झाला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कात्री खाली ठेवा!